ऐंशी लिटरचा व्हॅक्यूम

"हलू नकोस," मी म्हणालो.

हेमलता वाढता वाढता थांबली. आमटीची पळी तिच्या हातात आणि माझा हात तिच्या खांद्यावर. जेवताना बायकोच्या खांद्यावर हात ठेवायची पद्धत आमच्या घरात नव्हती, त्यामुळे ती जरा गोंधळली. मी चिमटीत धरून जे उचललं ते लाकडाचं सालपट होतं. पातळ, काळपट, स्प्रिंगसारखं कुरळं.

"काय आहे?"

"शिसव."

"असेल. आक्कांकडे गेले होते ना." आणि तिने आमटी वाढली.

आक्का म्हणजे समोरच्या घोरपड्यांची थोरली बहीण. वय ब्याऐंशी. दिवसभर पडवीत बसून जपमाळ ओढायच्या. जपमाळेतून शिसवाची सालपटं उडत नाहीत, एवढं मला कळत होतं.

ज्यांना लाकूडकामाचा नाद नाही त्यांच्यासाठी सांगतो. करवतीने भुसा पडतो, रंध्याने सरळ पट्ट्या निघतात. असं कुरळं सालपट निघतं ते लेथवर, फिरत्या लाकडाला पटाशी लावली की. आणि ते उडून पडतं हातभर अंतरात. त्या हातभरात एकच माणूस उभा असतो, लेथ चालवणारा. दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर ते सापडलं, तर तो दुसरा कुणी पहिल्याला अगदी खेटून उभा असला पाहिजे.

मी तेहतीस वर्षं मोजणी खात्यात काढली. कोण कुणाच्या हद्दीत किती सरकलाय हे मला साखळी न लावता दिसायचं. घोरपडे माझ्या हद्दीत आला होता.

मी आमटी भुरकली. मीठ कमी होतं. पण बोललो नाही; एका दिवशी एकच गुन्हा नोंदवावा.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. आम्ही तेव्हाही कोल्हापुरातच राहत होतो, याच घरात. निवृत्त झाल्यावर मी स्कूटर अंगणात ताडपत्रीखाली काढली आणि तिच्या शेडमध्ये माझं वर्कशॉप थाटलं. उद्यमनगरातून एक जुना लेथ आणला, पटाश्या आणल्या, भिंतीला खिळे मारून हत्यारं टांगली. लाटणी, रव्या, देव्हाऱ्याचे खांब असं काहीबाही करायचो. नातेवाइकांत एकही घर असं उरलं नव्हतं जिथे माझं लाटणं पोचलं नाही. काही घरांत तीन होती.

आणि शेडच्या कोपऱ्यात एक स्टूल होतं. दुपारी तीन वाजता हेमलता चहा घेऊन यायची आणि त्या स्टुलावर बसायची. मांडीवर शेंगांचं ताट. मी काम करायचो, ती शेंगा सोलत बोलायची. कुणाची मुलगी कुठे दिली, कुणाच्या सुनेने काय उत्तर दिलं, सगळं. मधूनच उठून लेथपाशी यायची, "हे कसं हो फिरतं?" म्हणून हात पुढे करायची, आणि मी म्हणायचो, "हात लावू नकोस. बोट जाईल." ती परत स्टुलावर जायची. संसारातला सगळ्यात चांगला तास कुठला असं कुणी विचारलं असतं, तर मी तीन ते चार सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

मग तिला खोकला लागला. छातीत घरघर यायला लागली. डॉक्टरांनी तपासून एक तोंडात फवारायचा पंप दिला आणि म्हणाले, "भुशापासून लांब राहा."

तिने लांब राहायचं ठरवलं, आणि गेली ती समोर, घोरपड्यांच्यात. तिथे तर माझ्यापेक्षा मोठं वर्कशॉप.

"तिथे भुसा नसतो?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"त्यांच्याकडे यंत्र आहे ना. व्हॅक्यूम. उडायच्या आत ओढून घेतं."

आनंदराव घोरपडे साखर कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेला. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. मिशा भरघोस आणि दात सगळे स्वतःचे. या वयात माणसाने इतके दात दाखवत हसू नये असं माझं मत होतं.

सालपट सापडलं त्या दिवसापासून मी कामाला लागलो. तीन वाजता ती फाटकाबाहेर पडली की मी माझा लेथ बंद करायचो आणि शेडच्या झरोक्यापाशी उभा राहायचो. दिसायचं काही नाही, पण ऐकू सगळं यायचं. आधी व्हॅक्यूमची घूं. मग लेथ. मग पटाशी लाकडाला लागल्याचा खरखराट. आणि मध्येच खट्! पटाशी अडकल्याचा आवाज. हाताला धीर नसला की पटाशी लाकडात रुतते आणि लाकूड उखडतं.

पहिल्या दिवशी मी सहा वेळा खट् मोजलं. मला फार बरं वाटलं. घोरपडे म्हातारा झाला. चाळीस वर्षं लोखंडावर हात चालवलेला माणूस, पण आता थरथर आलेली दिसते.

पण पुढच्या आठवड्यात चार झाले. मग दोन. मग एक दिवस दीड तास लेथ चालला आणि एकही खट् नाही. नंतर यंत्रं थांबली आणि दोघांचं हसणं ऐकू आलं. घोरपड्याचं गडगडाटी आणि तिचं खुदखुद. समोर बाई उभी असली की माणसाचा हात कसा ताळ्यावर येतो ते मी झरोक्यातून ऐकत होतो.

घरी आल्यावर मी सहज म्हणून विचारलं, "त्याच्या व्हॅक्यूमचा पाइप केवढा आहे गं?"

"कशाला?"

"आपल्यालाही घ्यावा म्हणतोय. मग तू इथेच बसशील."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "खरंच?"

"मग काय. उगाच परक्यांच्यात कशाला?"

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं, "पाइप आतून अडतीस मिलिमीटर आहे. टाकी चाळीस लिटरची, स्टीलची."

"अडतीस कशावरून?"

"मोजलं. व्हर्नियरने."

मला ठसका लागला. ज्या बाईने चाळीस वर्षांत माझ्या फूटपट्टीने कधी पाठ खाजवण्यापलीकडे काही केलं नव्हतं, तिला घोरपड्याने व्हर्नियर धरायला शिकवलं होतं. व्हर्नियर कसा धरायला शिकवतात ते मला माहीत आहे. हातात हात घेऊन शिकवतात.

मी पाणी प्यायलो आणि ठरवलं. चाळीसच्या दुप्पट ऐंशी.

लक्ष्मीपुरीत रमणिकशेठचं हत्यारांचं दुकान होतं. मी घरून पिशवीत आपलाच भुसा नेला होता, यंत्राची परीक्षा घ्यायला. शेठनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"काका, हे काय, प्रसाद?"

"भुसा आहे. व्हॅक्यूम पाहिजे."

"काम काय करताय? भुसा मोठा की पावडरसारखा?"

"समोरच्याकडे चाळीस लिटरचा आहे," मी म्हणालो.

शेठनी दुकानदारी तीस वर्षं केलेली. त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. "मग असं करा, हा तीस लिटरचा बघा. टाकी स्टीलची, आत घडीची गाळणी, बारीक पावडरसुद्धा अडते. मोटरचे कार्बन झिजले तर माझ्याकडं मिळतात. घरच्या कामाला हाच टिकतो."

"तो मोठा कुठला?"

"तो मंगल कार्यालयवाले नेतात, काका. लग्नानंतरच्या अक्षता ओढायला."

"किती लिटर?"

"ऐंशी. दोन मोटरी. पण आत नुसती कापडी पिशवी आहे. तुमच्या कामाला..."

"बांधा."

"काका, लेथवर बारीक पावडर..."

"शेठ, तुम्हाला विकायचा आहे की नाही?"

शेठनी बांधला. भुशाची पिशवी मी तशीच परत आणली. परीक्षा घ्यायचं राहूनच गेलं.

टेम्पोतून तो उतरवताना घोरपडे त्याच्या फाटकात उभा होता. मी मुद्दाम सावकाश उतरवायला लावला.

"आयला सबनीस! लगीन हाय का घरात?"

"घरच्या वर्कशॉपला आणलाय," मी म्हणालो. "ऐंशी लिटर."

"बारीक भुशाला गाळणी कसली हाय त्यात?"

"आहे सगळं," मी म्हणालो. स्वतःला चाळीस लिटरवर समाधान मानायला लागलं की माणूस दुसऱ्याच्या गाळण्या विचारतो.

शुक्रवारी दुपारी तीनचा मुहूर्त धरला. नवीन यंत्र, त्यामुळे हेमलताने रीतसर हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, उंबऱ्यावर नारळ फोडला. मी स्टूल पुसून ठेवलं होतं. ती बसली. मांडीवर शेंगांचं ताट. महिनाभराने ती तिथे बसली होती आणि मला गहिवरून आलं होतं. ते दिसू नये म्हणून मी पॉलिश पेपर घेऊन आंब्याची एक फळी घासायला लागलो. सकाळपासून तशा चार फळ्या घासल्या होत्या. भुसा भरपूर पाहिजे, म्हणजे यंत्राची ताकद कळते. शेडभर पिठासारखी पूड साचली होती.

"बघ आता," मी म्हणालो आणि बटण दाबलं.

पहिल्यांदा दिवा मंद झाला. मग जो आवाज निघाला, त्याने समोरच्या पडवीत आक्कांनी जप थांबवला. त्यांना ऐकू येत नाही. झेंडूचं फूल पाइपात गेलं. त्यापाठोपाठ मी लेथखाली ठेवलेली माझी टोपी गेली. मी पाइप भुशात घातला आणि भुसा नाहीसा झाला. एका झटक्यात! मी विजयाने मागे वळलो.

भुसा नाहीसा झाला नव्हता. पुढून आत जात होता आणि कापडी पिशवीतून गाळला जाऊन मागून बाहेर येत होता, आणखी बारीक होऊन. यंत्राचं मागचं तोंड बरोबर स्टुलाकडे होतं. तिथे नुसता पांढरा ढग दिसत होता. ढगातून शेंगांचं ताट खाली पडल्याचा आवाज आला.

बटण बंद करेपर्यंत ती जमिनीवर बसली होती. खोकताही येत नव्हतं तिला. श्वास आत जात होता तो शिट्टीसारखा, आणि बाहेर येतच नव्हता. मी तिला धरून अंगणात आणलं. "पंप कुठाय? हेमा, पंप कुठाय?"

तिने समोर बोट केलं.

मी फाटकाकडे धावलो तोवर घोरपडेच धावत येत होता, अनवाणी, हातात पंप. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. "वैनी, सावकाश. तोंडात धरा. दाबा. आता रोखा. हां." दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. तिचा श्वास हळूहळू मोकळा झाला. ओठांचा रंग परत आला. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना उकिडवे बसलो होतो. तिच्या पापण्यांवर आंब्याच्या लाकडाची पूड होती, आणि ती मी लावलेली होती.

"पंप तुमच्याकडे कसा?" बऱ्याच वेळाने मी विचारलं.

"त्यांच्या खुंटीला असतोय की."

"कुणाच्या खुंटीला?"

घोरपड्याने तिच्याकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले.

"वैनींच्या," तो म्हणाला.

माझ्या स्वतःच्या शेडमध्ये हेमलताला एक स्टूल होतं. घोरपड्याकडे खुंटी होती. पुढचे दोन दिवस ती अंथरुणावर होती आणि मी पेज करून देत होतो, पण डोक्यात खुंटी. तिसऱ्या दिवशी ती झोपलेली पाहून मी समोर गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. सुरुवात 'घोरपडे, आपण शेजारी आहोत' अशी होती.

त्याच्या वर्कशॉपमध्ये मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. जमीन अशी स्वच्छ की बसून जेवावं. लेथच्या अगदी शेजारी व्हॅक्यूमचं तोंड पत्र्याच्या पट्टीने बसवलेलं. आणि भिंतीला दोन खुंट्या. एकीवर घोरपड्याचा डगला. दुसरी त्याहून खाली, हेमलताचा हात पोचेल अशा उंचीवर. तिच्यावर तिची जुनी निळी साडी फाडून शिवलेला एप्रन, एक चष्मा आणि नाकाला लावायची पट्टी.

"घोरपडे, आपण..." मी सुरुवात केली.

"बसा सबनीस. वैनी कशा हायत?"

"बऱ्या आहेत. आपण शेजारी..."

"मग ह्ये त्यांचं घेऊनच जावा. घरी बसून पॉलिश तरी करतील." त्याने लेथवरून एक शिसवाचं लाटणं काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"त्यांचं म्हणजे?"

"त्यांनी केलंय ते. पहिली सहा उखडली. त्या खोक्यात टाकल्यात बगा. पटाशी रुतायची सारखी. मी म्हटलं, वैनी, लाकडाशी भांडू नका, त्येला येऊ द्या तुमच्याकडं. आता बगा कसा हात बसलाय."

मी खोक्यात पाहिलं. सहा उखडलेली लाटणी. पहिल्या दिवशी मोजलेले सहा खट्.

"तुम्ही कुठे होता?" मी विचारलं. "म्हणजे ती लेथवर असताना."

"मी तिकडं," त्याने दाराशी असलेल्या खुर्चीकडे बोट केलं. "आक्कासाठी शेंगा सोलत."

मी ते लाटणं टेबलावर ठेवून नुसतं ढकललं. लाटणं वाकडं असलं की ते अडखळत जातं, मध्येच थबकतं. माझी सगळी तशी जातात. मी नातेवाइकांना टेबल वाकडं आहे असं सांगतो. हे लाटणं टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्यासारखं गेलं आणि घोरपड्याच्या तळहातात जाऊन थांबलं.

गेले तीन आठवडे मला घोरपड्याचा जितका मत्सर वाटला होता, तो सगळा मिळून त्या क्षणाच्या पासंगालाही पुरला नसता.

"मला का सांगितलं नाही?" मी म्हणालो.

"त्या नको म्हणाल्या." घोरपडे पहिल्यांदाच दात न दाखवता बोलत होता. "म्हणाल्या, ते लगेच हात लावू नकोस म्हणतील."

घरी आलो तेव्हा ती उठून बसली होती. मी लाटणं तिच्या पुढ्यात ठेवलं. तिने ते पाहिलं, मग मला.

"विचारायचंस तरी मला," मी म्हणालो.

"विचारलं होतं."

"कधी?"

"रोज. तीन वाजता."

मी खिडकीबाहेर पाहिलं. ताडपत्रीखालची स्कूटर दिसत होती.

"हे जरा बारीक आहे," काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो. "लाटणं."

"माझ्या हाताला बेताचं आहे. तुमची सगळी जाड होतात. चाळीस पोळ्या लाटल्या की मनगट धरतं."

"मग इतकी वर्षं..."

"तुम्ही हौसेने करत होतात," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं लक्ष्मीपुरीत गेलो. ऐंशी लिटरचा टेम्पोत मागे बांधलेला. रमणिकशेठ हसले नाहीत, ही त्यांची सभ्यता. एका मंगल कार्यालयाला तो हवाच होता, म्हणून बदलून द्यायला तयार झाले. पिशवी झटकली तेव्हा आतून माझी टोपी निघाली. ती त्यांनी घडी घालून मला दिली.

मी तोंड उघडणार इतक्यात हेमलता पुढे झाली.

"शेठ, गाळणी धुता येते का? की दर वेळी नवी?"

"धुता येते, काकू. सावलीत वाळवायची."

"कार्बन बदलायला मोटर इकडे आणायला लागेल की घरी उघडते?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"चार स्क्रू आहेत. घरी होईल."

"पाइप फाटला तर नुसता पाइप मिळेल? आणि हा चालू करून दाखवा. ह्याच्या आवाजात बोललेलं ऐकू आलं पाहिजे मला." मग तिने आपल्या पिशवीतून पिठीसारखा भुसा काढला, यंत्राने ओढायला लावला, आणि मागच्या तोंडाशी आपला काळा रुमाल धरून उभी राहिली. रुमाल उजेडात नेऊन पाहिला. काळाच होता.

"हा द्या," ती म्हणाली.

तीस लिटरचा. शेठनी मला पहिल्या दिवशी दाखवला होता तोच.

तो अजून चालतो. कार्बन दोनदा बदलले, गाळणी दोन महिन्यांनी धुतली जाते, पाइप एकदाच नवा घातला. घोरपडे रविवारी येतो, आता दात थोडे कमी झालेत. आमच्या शेडला एक खुंटी लागली, खालच्या उंचीची. नातेवाईक हल्ली लाटणं मागताना फोनवर विचारून घेतात, कुणी केलेलं पाठवताय. मी म्हणतो, काय फरक पडतो. ते म्हणतात, पडतो.

तीन वाजले की चहा मी करतो. लेथ तिच्या ताब्यात असतो आणि मी शेंगांचं ताट घेऊन स्टुलावर. तिचं काम इतकं सफाईदार चालतं की पाहून पोटात दुखतं. परवा राहवलं नाही. शिसवाचा एक लांब दांडा ती लावून बसली होती, पटाशीचं टोक माझ्या मते जरा चुकत होतं. मी ताट खाली ठेवलं, उठलो, लेथपाशी गेलो आणि दाखवायला म्हणून हात पुढे केला.

"अहो," चष्म्याआडून मान न वळवता ती म्हणाली, "हात लावू नका. बोट जाईल."